सोळा अंड्यांचा हिशेब

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाचें अमेरिकेहून पत्र आलें. चिरंजीव नॉर्थ कॅरोलायनांत आईबापांजवळ राहून कॉलेजांत शिकत असतात. क्षेमकुशल दोन ओळींत आटोपून तिसऱ्या ओळीस त्यांनीं एकदम विचारलें होतें, "आजोबा, मी कॉर्न स्नेक जातीच्या सापांची वीण करायचं ठरवलं आहे. कोणत्या रंगांनी सुरुवात करूं? आई म्हणते, आधीं आजोबांना विचार." खालीं बत्तीस रंगांच्या नांवांची यादी. आमच्या घरांत नागपंचमीस पाटावर गंधानें काढलेल्या नागाखेरीज दुसरा साप आजवर शिरलेला नाहीं. शिरला असलाच, तर आम्हांस न कळवितां परत गेला असावा. तेव्हां आजोबा 'नको' म्हणतील व प्रकरण परस्पर मिटेल, हा सूनबाईंचा हेतु उघड होता. परंतु उभा जन्म मुलांना गणित व संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें, कोणीं प्रश्न घातला असतां तो सोडवून न पाहतांच पाटी पुसून टाकणें आमच्यानें होत नाहीं. आम्हीं महिनाभर वाचन केलें, आणि हा विषय वाटला होता त्याहून पुष्कळच रसाळ निघाला.

कॉर्न स्नेक म्हणजे मक्याचा साप. अमेरिकेच्या आग्नेय भागांतील राज्यांत हा रानोमाळ आढळतो. मक्याच्या कोठारांभोवतीं उंदरांसाठीं घुटमळतो म्हणून हें नांव पडलें, असें कोणी म्हणतात. पोटावरचे काळेपांढरे चौकोन रंगीत मक्याच्या कणसासारखे दिसतात म्हणून पडलें, असें दुसरे म्हणतात. लिनीअस ह्या प्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञानें १७६६ सालीं त्यास 'ठिपक्याठिपक्यांचा' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. लांबी तीन ते पांच फूट, स्वभाव शांत, विष मुळींच नाहीं. आपल्याकडील धामण आणि तस्कर हे त्याचे दूरचे भाऊबंद होत. (मात्र वाचकांच्या घरच्या मुलांनीं हें वाचून धामण धरावयास निघूं नये, आपल्या रानांतील साप धरून घरीं ठेवणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे.)

रानांतल्या ह्या सापाचें अंग नारिंगी, त्यावर तांबडे डाग व प्रत्येक डागास काळी किनार असते. कांहीं सापांत काळा रंग जन्मतःच तयार होत नाहीं; मग किनार नाहींशी होऊन साप नुसता तांबडानारिंगी दिसतो व डोळेहि लाल असतात. त्यास तिकडे 'ॲमेल' म्हणतात. कांहींत तांबडा रंग तयार होत नाहीं. तो साप करड्या व काळ्या रंगाचा, त्यास 'ॲनेरी' म्हणतात. आणि दोन्ही उणिवा एकाच सापांत एकवटल्या म्हणजे किंचित् गुलाबी झांक मारणारा पांढरा साप निघतो. त्याचें नांव 'स्नो', म्हणजे बर्फ. यादींतील बाकीचीं बहुतेक नांवें अशाच दुसऱ्या कांहीं गुणांच्या बेरजांचीं आहेत.

ह्या छंदाचें मूळ चिरंजिवांच्याच प्रांतांत आहे. १९५३ सालीं नॉर्थ कॅरोलायनांत काळा रंग नसलेला एक नर रानांत सांपडला. बर्नार्ड बेक्टेल नांवाचे एक त्वचारोगांचे डॉक्टर व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ ह्यांनीं त्याची संतति वाढविली, आणि हा गुण मेंडेलच्या नियमास धरून पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हें १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. दिवसभर माणसांच्या कातडीचे रोग तपासून घरीं सापांच्या कातडीचा अभ्यास करणाऱ्या ह्या गृहस्थाविषयीं आम्हांस मोठा आदर वाटतो. पुढें २०१५ सालीं जिनीव्हा येथील संशोधकांनीं त्या उणिवेचें नेमकें स्थानहि शोधून काढलें. ज्या जनुकाच्या बिघाडामुळें माणसांत जन्मजात वर्णहीनतेचा एक प्रकार होतो, त्याच जनुकांत सापाच्या ठिकाणीं एक उपरा तुकडा घुसलेला आढळला.

आतां खरी मेख येथें आहे. आमच्या परसांत गुलबक्षी आहे. तांबड्या व पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर गुलाबी फुलें येतात. मेंडेलच्या मागून कोरेन्स ह्या जर्मन पंडितानें हें प्रयोगानें दाखविलें. मायबापांचे रंग मिसळून मुलांत उतरतात, अशी आपणां सर्वांची जी समजूत असते ती गुलबक्षीपुरती ठीक आहे. सापांतल्या ह्या गुणांना ती लागू नाहीं. तांबडा ॲमेल आणि करडा ॲनेरी ह्यांची जोडी लावली तर नवशिक्यास वाटतें, आतां कांहीं तरी अपूर्व निघणार. निघतात तीं सर्व पिल्लें रानांतल्यासारखींच! एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मात्र प्रत्येक पिल्लांत दोन्ही उणिवा गुप्त राहतात. अशा गुप्त गुणाच्या पिल्लास तिकडच्या बाजारांत 'हेट' असें म्हणतात. संस्कृतज्ञांनीं अव्यक्त म्हणावें.

चिरंजिवांचा मूळ बेत असा होता कीं, दोन्ही उणिवा गुप्त असलेलीं, दिसावयास साधीं, म्हणून स्वस्तांत मिळणारीं दोन पिल्लें घ्यावीं, वाढवावीं व त्यांपासून स्नो काढावा. सोळांत एक स्नो निघतो, असें त्यास कोणीं सांगितलें होतें. तें खरें आहे. नऊ साधे, तीन ॲमेल, तीन ॲनेरी व एक स्नो हें प्रमाण मेंडेलनें वाटाण्यांवरून बसविलें, तेंच येथें लागतें. पण सरासरी आणि हमी ह्यांत जो भेद आहे, तो वर्गांत पोरांच्या गळीं उतरवितां उतरवितां आमचे केस पिकले. सोळा अंडीं झालीं म्हणून त्यांत एक स्नो ठेवलेलाच आहे, असें नव्हे. स्नो न निघण्याची शक्यता दर अंड्यामागें पंधरा-षोडशांश. ती सोळा वेळां आपल्याशींच गुणावी. उत्तर सुमारें ०.३६ येतें. म्हणजे शंभर नवशिके ह्या बेतानें निघाले, तर त्यांतले छत्तीस तीन वर्षें साप वाढवून, सोळा अंडीं उबवून, शेवटीं स्नोवांचून राहणार. आणि सरासरीनें निम्म्याहून अधिक पिल्लें साधींच पदरीं पडणार.

ह्याऐवजीं नर असा घ्यावा कीं जो दिसावयास ॲमेल, पण ज्याच्यांत ॲनेरी गुप्त आहे. आणि मादी दिसावयास ॲनेरी, पण जिच्यांत ॲमेल गुप्त आहे. ह्या जोडीपासून साधा, तांबडा, करडा व पांढरा ह्या चारी रंगांचा संभव सारखा, प्रत्येकीं एकचतुर्थांश. आतां तीनचतुर्थांश सोळा वेळां गुणून पाहा, ०.०१ येतें. शंभरांत एखादाच निराश होईल. अंडीं तींच सोळा; फरक सगळा पहिल्या दिवसाच्या निवडीचा. थोडे पैसे अधिक पडतील, पण ते मागल्या हिशेबाच्या मानानें कांहींच नव्हेत.

निवड करतांना डोळ्यांवर फार भिस्त ठेवूं नये, असें आमचें मत झालें आहे. 'चारकोल' नांवाचा एक करडा साप आहे. नवशिक्यास तो ॲनेरीच वाटतो, पण त्याचें जनुक निराळें. दोघे सारखे दिसतात म्हणून जोडी लावली, तर पिल्लें पुन्हा साधींच. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर 'हेट असण्याची शक्यता शेंकडा ६६' असेंहि लिहिलेलें आढळतें. दोन हेटांपासून झालेल्या साध्या दिसणाऱ्या तीन पिल्लांत सरासरीनें दोन हेट असतात; तो हा आंकडा. परंतु घेणाऱ्याच्या हातीं येतें तें एकच पिल्लूं, आणि त्यांत गुण एक तर असतो, नाहीं तर नसतो. दोनतृतीयांश गुण घेऊन कोणी जन्मास येत नाहीं.

आतां जरा नाजूक मुद्दा. सगोत्र विवाह वर्ज्य कां, हें आमच्या वाचकांना सांगावयास नको. वीण करणारे मात्र गुप्त रंग लवकर बाहेर पडावा म्हणून मुद्दाम भावंडांचीच गांठ घालतात. पण एकाच वंशांत जें जें लपलेलें असतें तें तें सगळें वर येतें, एकटा रंगच येत नाहीं. 'सनकिस्ड' म्हणून एक मोहक रंग आहे. त्या वंशांत एक विकार आढळून आला. त्याला तिकडे 'तारे पाहणारा' अशा अर्थाचें नांव आहे. असा साप मान वर वळवितो, उलटा होतो, त्यास आपला तोल सांवरत नाहीं. हा विकारहि रंगासारखाच गुप्त राहून उतरतो, व दोन्ही बाजूंनीं आला म्हणजेच प्रकट होतो. सुदैवानें सापानें टाकलेल्या कातेवरून असे गुप्त गुण तपासून मिळण्याची सोय अमेरिकेंत आतां झाली आहे. सनकिस्डचा मोह अनावर झालाच, तर कातेचा निकाल पाहिल्यावांचून पाऊल टाकूं नये, असें आम्हीं दोनदां अधोरेखित करून लिहिलें.

आमची स्वतःची आवड विचाराल तर ती ह्या कोणत्याच नांवाची नाहीं. साउथ कॅरोलायनांत ओकीटी म्हणून एक शिकारीचें रान आहे. तेथल्या सापांची तांबडी छटा गडद व काळी किनार रुंद असते. कार्ल कॉफेल्ड ह्या प्राणिसंग्रहालयाच्या अधिकाऱ्यानें १९५७ सालीं आपल्या पुस्तकांत त्यांचें वर्णन केल्यापासून ते प्रसिद्धीस आले. ह्या रंगांत कांहीं उणें नाहीं, कांहीं लपलेलें नाहीं. दर पिढींत उत्तमांतलें उत्तम निवडीत गेल्यानें तो खुलत जातो. अशा कामास दहा-पंधरा वर्षें लागतात. विसाव्या वर्षीं तें कोणास सुचत नाहीं, हेंहि आम्हीं जाणतों.

सूनबाईंनीं चिरंजिवांच्या पत्राखालीं स्वतंत्र दोन ओळी लिहिल्या होत्या. "काका, सापांची भीति आतां गेली. गोठवलेले उंदीर ठेवायला त्याला निराळी पेटीहि घेऊन दिली. पण सोळा पिल्लांचं करायचं काय, तें त्याला विचारा." ह्या यादीपेक्षां हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटला. पिल्लें एकत्र ठेवतां येत नाहींत, एकमेकांना गिळण्याचें भय असतें; म्हणजे सोळा पिल्लांना सोळा डबे. दर आठवड्यास प्रत्येकास एक उंदराचें पिल्लूं धरलें, तरी दोन महिन्यांत सव्वाशेंच्या वर झालीं. त्यांतहि कांहीं पिल्लें तोंड लावीत नाहींत. पांढरीं व तांबडीं लोक हौसेनें नेतात. साधीं मागें राहतात, आणि नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षें जगतात. मग करावयाचें काय? परक्या दोन घरांतून, वंश ठाऊक असलेली वरील जोडी घ्यावी. मादी तीन वर्षांची, तीन फुटांची व तीनशें ग्रॅमची होईपर्यंत नराशीं गांठ घालूं नये. आणि त्या अवधींत सोळा पिल्लें कोणाकोणाकडे जाणार, त्यांचीं नांवें लिहून काढावींत, असें आम्हीं कळविलें.

दहा दिवसांनीं उत्तर आलें. यादींतलीं तीस नांवें खोडलेलीं होतीं. पाठीमागें दुसरी यादी माणसांची, तींत चार नांवें. बारा अद्याप मिळावयाचीं आहेत, आणि तीं मिळेपर्यंत नर व मादी निरनिराळ्या पेट्यांतच राहतील, असें खालीं सूनबाईंच्या अक्षरांत लिहिलेलें आहे.