कोपऱ्यातले कुत्रे

मुलांनो, मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून लोक खवळून उठले आणि दोनच वर्षांनी तेथे पांजरपोळाची स्थापना झाली. पण आसरा म्हणजे घर नव्हे. आजही अशा आश्रयस्थानांत कुत्रे न्यावयास येणारे लोक गोजिरवाणी पिलेच आधी उचलतात. वयस्क, लंगडे गावठी कुत्रे कोपऱ्यातच राहते. मला हा न्याय वाटत नाही. पिलू पुढे कसे निपजेल, हे कोणास ठाऊक? प्रौढ कुत्र्याचा स्वभाव मात्र घडलेला असतो. तेथील सेवकास विचारले की तो कळतो. शिवाय गावठी कुत्र्यास आपले ऊन मानवते. (दाट केसांची परदेशी कुत्री बिचारी धापा टाकीत असतात!) ते भुंकले किंवा दबून बसले, म्हणून वाईट ठरत नाही, गजांमागे कोण बावरणार नाही? त्याला अंगणात आणवावे, अर्धा तास जवळ बसावे आणि मगच निवड करावी.