घोड्याची खोड

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याला फार सोसावे लागते. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरली, की मारवाडी-काठेवाडी जनावरांच्या रांगा लागतात. गिऱ्हाईक दात पाहते, भोवरे मोजते, गळ्यावर देवमण आहे की नाही ते न्याहाळते, चाल करून दाखवायला लावते. एक खोड सापडली की भाव उतरला! यात गैर काहीच नाही. पदरचे पैसे मोजणाऱ्याने जनावर पारखूनच घ्यावे.

माझे भांडण आहे ते हीच नजर चित्राला लावणाऱ्यांशी. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या एखाद्या मुलाने घोडा काढला, त्याला पाच पाय झाले, मान कागदाबाहेर गेली, की आमच्या शहाण्या माणसांच्या दोन टोळ्या होतात. एक खोडरबर घेऊन धावते. दुसरी डोळ्यांत पाणी आणून म्हणते, ‘असा असूनही किती छान काढतो हो!’ मला विचाराल तर पहिली टोळी परवडली. ती निदान चित्राकडे पाहते तरी!

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची नादिया ही अशीच मुलगी. जन्म १९६७ चा. बोलणे जवळजवळ नाहीच. पण साडेतीन वर्षांची असताना ती बॉलपेनने घोडे काढू लागली, तेही चित्रांच्या पुस्तकांत पाहिलेले. घोड्यावर घोडा, रेघेवर रेघ, अर्धे अंग कागदाच्या कडेला तुटलेले. लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि पंडितांचे वाद जुंपले. पुढे ती थोडे बोलू लागली नि तिची चित्रकला ओसरली, तेव्हा पंडित हळहळले म्हणे! जणू पोरीने बोलायला शिकून त्यांचेच काही बुडवले. पण सेल्फबाईंनी टिपलेली एक साधी गोष्ट मला या साऱ्या वादांहून मोलाची वाटते. चित्र झाले, की नादिया मागे रेलून ते निरखी, हसे आणि खुशीने हातपाय झाडी. त्या खुशीसाठी कुठल्या पंडिताने रकाना ठेवला होता?

आणि सदोष म्हणजे तरी काय? नर्मदेपलीकडे, छोटा उदेपूरकडचे राठवा भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे रंगवतात. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांनी जन्मभर घोडे काढले. त्यांचे सांधे मोजायला कोणी पशुवैद्य बोलावत नाही. ही सवलत पोरालाच का नाही?

तेव्हा यात्रेत कोणी अशा मुलांची चित्रे मांडणारच असेल, तर खाली ‘स्वमग्न बालकाची कलाकृती’ अशी पट्टी लावू नये. मुलाचे नाव लिहावे. त्याने घोड्याला काही नाव दिले असेल, तर तेही.