सात-बारा कोरा झाला, पण पतीचे काय?

कर्जमाफी झाली, सात-बाऱ्यावरचा बोजा उतरला, की सुटलो असे आपल्याला वाटते. पुढे घर बांधायला म्हणून बँकेत जावे, तर साहेब संगणकात बघून नकार देतात. उतारा कोरा, जागा नावावर, जामीन तयार, तरीही कर्ज नाही. हे का होते?

सात-बारा हे महसूल खात्याचे दप्तर. आपल्या पतीचे दप्तर निराळे. ‘सिबिल’ ही कंपनी २००० साली निघाली. २००५ च्या कायद्याखाली आज अशा चार कंपन्या आहेत. कोणी किती कर्ज घेतले, हप्ता किती दिवस थकला, हे बँका त्यांना कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला जाऊ लागली. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण पडतात. साडेसातशेच्या पुढे गुण असले की कर्जाची वाट सोपी.

खरी गोम पुढेच आहे. राज्यात २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी झाली. कित्येकांनी एकरकमी परतफेडीत तडजोड केली. बँकेने ते खाते ‘सेटल्ड’ किंवा ‘राइट-ऑफ’ म्हणून कळवले असेल, तर बोजा उतरला तरी तो शेरा तिकडे राहतो. पूर्ण फेड आणि तडजोड यांत बँक फरक करते. जामीनदाराचेही तसेच. भावकीतल्या कुणाच्या कर्जाला भिडेखातर सही दिली आणि ते थकले, तर डाग आपल्याही नावाला लागतो.

‘सरकारने सिबिल बंद केले,’ असे पारावर बोलले जाते. तसे नाही. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावले ते शेतीकर्जासाठी सिबिल मागू नका, असे. घरकर्जाला, गाडीच्या कर्जाला ते लागू नाही. तिथे बँक तारण बघते आणि मागचा व्यवहारही बघते.

१८७५ साली आपल्या नगर आणि पुणे जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या खतात काय लिहिले, हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. आजचे खत संगणकात आहे. ते जाळता येत नाही, पण वाचता येते आणि चूक असेल तर दुरुस्तही करून घेता येते.

तेव्हा कर्जाचा अर्ज देण्याआधीच आपला अहवाल काढा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. फिटलेले खाते चालू दिसते का, न घेतलेले कर्ज नावावर आहे का, हे नीट बघा. चूक दिसली तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज फिटले की बेबाकी दाखला घेऊन जपून ठेवा. तडजोड केली असेल आणि पुढे घर बांधायचे मनात असेल, तर राहिलेली रक्कम भरून खाते पूर्ण बंद होईल का, हे बँकेला विचारा.

सोसायटीचे सचिव आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनीही मनावर घ्यावे. ग्रामसभेत हा विषय अर्धा तास समजावून सांगितला, तरी पुष्कळांचे हेलपाटे वाचतील.