टचडाउन नव्हे, टार्गेट मोजा

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन विषय एकाच वेळी तापतात. एक गणपतीचा: हॉल कुठला, उकडीचे मोदक कोण करणार, ढोल-ताशा पथक कुठल्या गावाहून येणार. दुसरा ड्राफ्टचा. सप्टेंबरात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, हंगाम सुरू होतो आणि त्याआधी प्रत्येकाला आपापला मनातला संघ निवडून ठेवायचा असतो. मैदानावर खरे खेळाडू जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात. याचं नाव फॅन्टसी फुटबॉल.

भारतात २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी आणली. तोवर ड्रीम इलेव्हन अ‍ॅपमुळे क्रिकेटमधला हाच प्रकार घरोघरी पोचला होता. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. तिथे विराट कोहली एकाच वेळी लाखो लोकांच्या संघात असायचा. इथल्या पारंपरिक लीगमध्ये एक खेळाडू एकाच्याच वाट्याला येतो आणि बहुधा हंगामभर तिथेच राहतो. बारा जणांच्या लीगमध्ये तुम्ही उचललेला माणूस बाकी अकरा जणांना मिळत नाही. त्यामुळे ड्राफ्टच्या संध्याकाळी पोक्त माणसंसुद्धा आपल्या याद्या छातीशी धरून बसतात.

निवडीचा क्रम नागमोडी असतो. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसरीत बारा ते एक. पहिला नंबर लागला तर तुमची पुढची पाळी थेट चोविसावी. मधल्या वेळात बावीस नावं डोळ्यांदेखत निघून जातात. पाळी आली की घड्याळ सुरू होतं, मिनिट-दीड मिनिटात नाव सांगायचं. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय येतं? गेल्या वर्षी टीव्हीवर पाहिलेला, एका हाताने घेतलेला झेल. वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा खेळाडू, निवडताना घात होतो तो इथेच.

या खेळाचं मूळही पाहण्यासारखं आहे. १९६२ साली ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मित्रांबरोबर बसून याचे नियम रचले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या ओकलंडच्या घरातल्या तळघरात आठ जणांचा पहिला ड्राफ्ट झाला. तेव्हा मोल होतं ते थेट धावफलकावर चढणाऱ्या गोष्टींना, म्हणजे टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोललाइनपलीकडे नेणं), किक वगैरेंना. यार्ड आणि झेल मोजण्याची पद्धत नंतर आली. पुढे १९७८ साली एनएफएलने पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला मनाई केली, चेंडू हवेतून फेकण्याचं प्रमाण वाढत गेलं आणि रिसीव्हरचा भाव चढू लागला. तरीही बरीच वर्षं ड्राफ्टची पहिली फेरी चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकचीच मानली जाई. २०२५मध्ये मात्र बहुतेक याद्यांच्या माथ्यावर सिनसिनाटीचा रिसीव्हर जमार चेस होता.

आज बऱ्याच लीगांमध्ये रिसीव्हरचा हिशेब असा असतो: झेलाला एक गुण, दहा यार्डांना एक, टचडाउनला सहा. सहा हा आकडा डोळ्यात भरतो, म्हणून लोक टचडाउनच्या मागे धावतात. पण टचडाउन फार बेभरवशाचे. पिट्सबर्गच्या चेस क्लेपूलने २०२० साली, पदार्पणातच, ६२ झेल, ८७३ यार्ड आणि नऊ टचडाउन केले. शिवाय एकाच सामन्यात, धावून केलेला एक धरून, चार टचडाउन करून त्याने सगळ्यांना वेड लावलं. पुढच्या वर्षी ५९ झेल, ८६० यार्ड आणि टचडाउन दोन. झेल आणि यार्ड बघा, माणूस जवळजवळ तोच. ते नऊ टचडाउन बघून ज्यांनी त्याला वरच्या फेरीत घेतलं, त्यांच्या पदरी नुसते यार्ड पडले.

उलटंही होतं. डेट्रॉइटच्या कॅल्व्हिन जॉन्सनने २०१२ साली १,९६४ यार्ड मिळवले. एका हंगामात झेलांतून इतके यार्ड त्याआधी कुणीच मिळवले नव्हते. टचडाउन किती? पाच. गोललाइनच्या तोंडाशी येऊन तो वारंवार पाडला गेला. पुढच्या हंगामात यार्ड कमी झाले, १,४९२, आणि टचडाउन झाले बारा. पाचाचा आकडा पाहून जे बिचकले त्यांनी चांगला सौदा सोडला.

मग बघायचं काय? टार्गेट. चेंडू किती वेळा त्या माणसाच्या दिशेने फेकला गेला, मग झेल लागो वा न लागो. आपल्या क्रिकेटवाल्यांना हे लगेच उमजतं: सलामीवीर आणि सातव्या क्रमांकाचा फटकेबाज यांत गुण कोण जास्त देणार, हे किती चेंडू खेळायला मिळतात यावर ठरतं. आमच्या लीगमधल्या एका वहिनींना एनएफएलचे बत्तीस संघ धड ओळखू येत नाहीत. पण कुणी एखाद्या खेळाडूची फार तारीफ करू लागलं की त्या म्हणतात, “अहो भावजी, त्याचं कौतुक राहू द्या. त्याच्याकडे किती वेळा फेकतात ते सांगा.” उत्तर आठवड्याला आठ-दहाचं आलं तर नाव यादीत, नाहीतर पुढचा. वहिनी दरवर्षी वरच्या चारांत असतात.

त्यांना दिसतं ते टीव्हीच्या हायलाइट्समध्ये दिसत नाही. तिसरा डाउन, म्हणजे पुढे सरकण्याची तिसरी संधी आहे, अजून सात यार्ड हवे आहेत. आतल्या बाजूला उभा असलेला, चणीने लहान रिसीव्हर आठ यार्ड पळतो, टाच रोवून गर्रकन वळतो आणि वळतानाच चेंडू छातीवर आदळतो. दुसऱ्याच क्षणी मागून दोनशे तीस पौंडांचा लाइनबॅकर, बचावफळीतला गडी, येऊन आदळतो. रिसीव्हर उठतो, चेंडू पंचांकडे टाकतो, पुढचा डाव सुरू. टाळ्या नाहीत, रीप्ले नाही. तुमच्या खात्यात मात्र १.८ गुण. असं सामन्यात सहादा झालं की जवळजवळ अकरा गुण झाले, तेही एकही टचडाउन न करता.

दुसरा प्रश्न फेकणाऱ्याचा. रिसीव्हर कितीही मोठा असो, तो दुसऱ्याच्या हातावर जगतो. जॉन्सनचे ते १,९६४ यार्ड मॅथ्यू स्टॅफर्ड नावाच्या क्वार्टरबॅकच्या हातून आले. २०२१ साली स्टॅफर्ड लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघात आला. तिथे कूपर कप नावाचा गुणी पण मधल्या फळीतला समजला जाणारा रिसीव्हर होता, पहिल्या तीन फेऱ्यांत त्याला क्वचितच कुणी विचारत असे. त्या हंगामात कपला १९१ टार्गेट मिळाले: १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन. तिन्ही आकड्यांत तो लीगमध्ये पहिला.

मग सगळं श्रेय क्वार्टरबॅकचंच का? तेही नाही. ह्यूस्टनचं २०१७ साल घ्या. नवखा क्वार्टरबॅक देशॉन वॉटसन आणि वाऱ्यासारखा पळणारा विल फुलर या जोडीने चार सामन्यांत सात टचडाउन केले. मग सरावात वॉटसनचा गुडघा गेला आणि फुलरच्या खात्यात त्या हंगामात एकाही टचडाउनची भर पडली नाही. त्याच संघात दुसऱ्या टोकाला डीआंद्रे हॉपकिन्स होता. क्वार्टरबॅक बदलले तरी त्याच्याकडे चेंडू येतच राहिला: ९६ झेल, १३ टचडाउन. फरक कामाच्या जातीत आहे. लांब पल्ल्याच्या दोन-तीन फेकींवर जगणारा रिसीव्हर चांगला हात गेला की उपाशी राहतो. दर दोन-तीन फेकींआड ज्याच्याकडे बघितलं जातं, तो वाईट हाताखालीही निभावतो. म्हणून वरच्या फेरीत हॉपकिन्सच्या जातीचा घ्यावा, फुलरच्या जातीचा खाली मिळाला तर बघावा.

तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. संघातून एखादा मोठा रिसीव्हर गेला किंवा जायबंदी झाला की त्याच्याकडे जाणारे चेंडू कुणाकडे तरी वळणारच. २०२३च्या ऑगस्टमध्ये कपच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. रॅम्सकडे पुका नकुआ नावाचा पोरगा होता. एनएफएलच्या निवडीत पाचव्या फेरीत, १७७वा घेतलेला. आपल्या खेळात तर बहुतेक लीगांमध्ये तो कुणी घेतलाच नव्हता. पहिल्या सामन्यात स्टॅफर्डने त्याच्याकडे पंधरा वेळा चेंडू फेकला, दुसऱ्यात वीस वेळा. दोन सामन्यांत पंचवीस झेल आणि टचडाउन एकही नाही. त्याचा पहिला टचडाउन चौथ्या आठवड्यात आला. टचडाउनची वाट पाहणारे पाहत राहिले आणि टार्गेट मोजणाऱ्यांनी पहिल्याच बुधवारी, कुणी न घेतलेले खेळाडू उचलायची संधी मिळताच, त्याला उचललं. हंगामअखेर त्याचे १०५ झेल आणि १,४८६ यार्ड झाले, तोवर कुठल्याही नवोदिताने न गाठलेले.

आता कुणी म्हणेल, एवढा हिशेब करून भागतं का? नाही. त्याच २०२३मध्ये कित्येक ड्राफ्टांत पहिलं नाव मिनेसोटाच्या जस्टिन जेफरसनचं होतं आणि त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. ऑक्टोबरात त्याचाही तोच मांडीमागचा स्नायू गेला आणि तो सात सामने बाहेर बसला. नशिबाचा वाटा राहतोच. पण टार्गेट नशिबाने मिळत नाहीत. कुणाला कुठे उभं करायचं, तिसऱ्या डाउनला कुणाकडे बघायचं, हे प्रशिक्षक आठवडाभर आधी ठरवून ठेवतात. त्या ठरवण्याचा माग काढता येतो, टचडाउनचा काढता येत नाही.

तेव्हा या रविवारी तुमचा ड्राफ्ट असेल तर सुरुवातीला असा रिसीव्हर घ्या, की ज्याच्याकडे वाईट दिवशीही आठ वेळा चेंडू येतो. मधल्या फेऱ्यांत, ज्या संघातला मोठा गडी निघून गेलाय त्या संघातला उरलेला बघा. शेवटी नवखी पोरं घ्या आणि तीन-चार आठवड्यांत त्यांच्याकडे चेंडू वळला नाही तर माया न करता सोडून द्या. आणि लीगमध्ये अशा एखाद्या वहिनी असतील, तर त्यांच्या आधीचा नंबर मागून घ्या. नागमोडी क्रमात तो फायदा एक फेरी सोडून एकदाच मिळतो, पण तेवढा पुरतो.