राजांचा करार आणि रयतेचा संघ

संघराज्य म्हणजे लहान राज्यांची नुसती बेरीज नव्हे. त्या बेरजेवर सही कोणाची, राज्यकर्त्यांची की जनतेची, यावर तिचे आयुष्य ठरते. सातारा-सांगलीच्या भूमीवर १९४६ ते १९४८ या काळात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. त्याचे उत्तर मात्र अर्धेच मिळाले.

इंग्रजी अमलात या भागाचा नकाशा गोधडीसारखा होता. एकीकडे खालसा मुलूख. दुसरीकडे पटवर्धनांची सांगली, मिरज, कुरुंदवाड आणि त्यांच्या शेजारी औंध, फलटण, भोर, जत. औंधचे कुंडल व आटपाडी राजधानीपासून तुटलेले. सांगलीचा मंगळवेढा एका टोकाला, तर शहापूर थेट बेळगावच्या वेशीशी. इंग्रज गेल्यावर एकेकट्याचा निभाव लागणार नाही, हे ओळखून संस्थानिकांनी संघाचा विचार सुरू केला. १९४६ च्या जुलैत पुण्यात ते गांधीजींना भेटले. राजांनी प्रजेचे सेवक व्हावे, हा गांधीजींच्या सल्ल्याचा गाभा होता. पुढे १९४७ मध्ये औंध, भोर, फलटण, सांगली, रामदुर्ग, मिरजेच्या दोन्ही पात्या आणि कुरुंदवाडची थोरली पाती अशा आठ संस्थानांनी संयुक्त दक्षिण संस्थानाच्या करारावर सह्या केल्या.

दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील तेरा राज्ये अशाच पेचात सापडली होती. १७८१ च्या करारनाम्याने बांधलेल्या त्यांच्या सैल संघाला कर बसविण्याचा अधिकार नव्हता आणि करारात दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती लागे. कर्ज आणि करांनी पिचलेले मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी १७८६ मध्ये शेजच्या नेतृत्वाखाली उठले, तेव्हा धनिकांना बळकट केंद्राची निकड भासली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी राज्यघटना तयार झाली. या घटनेत गुलामांची गणना तीन-पंचमांश माणूस अशी झाली, स्त्रियांना स्थान मिळाले नाही; तिचे वर्गीय रूप झाकण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट निर्णायक ठरली. घटनेची मंजुरी राज्यांच्या विधिमंडळांकडे न मागता त्यासाठी खास निवडलेल्या परिषदांकडे मागण्यात आली. सत्तेचा उगम, निदान तत्त्वतः, जनतेत मानला गेला. शिवाय बळकट केंद्राला भिणाऱ्या विरोधकांच्या रेट्यामुळेच १७९१ ची हक्कांची सनद घटनेला जोडावी लागली.

संयुक्त दक्षिण संस्थानाला हा पाया लाभला नाही. तो मुळात राजाराजांमधील करार होता. ज्या कुंडल परिसरात प्रतिसरकारने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून न्यायनिवाडे केले, तेथील शेतकरी राजांच्या नव्या मांडणीवर समाधान मानणे शक्यच नव्हते. प्रजापरिषदेच्या चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्यांतून विलीनीकरणाची मागणी पुढे आली आणि ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. राजेशाही संपली, हे न्याय्यच झाले.

परंतु राजेशाहीबरोबर आणखीही काही संपले. औंधात १९३९ पासून गावाने निवडलेली पाच जणांची पंचायत, पंचायतींतून तालुका समिती आणि तालुका समित्यांतून विधिमंडळ अशी खालून वर जाणारी रचना उभी होती. भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता सोडली, अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांनी आराखड्यासाठी कष्ट घेतले, गांधीजींनी मार्गदर्शन केले. विलीनीकरणानंतर या पंचायतींच्या जागी मामलेदार आणि कलेक्टर आले. अमेरिकेत विरोधकांना सनद मिळाली. औंधच्या पंचायतींच्या वाट्याला तशी सनद आली नाही. भारतीय राज्यघटनेनेही ग्रामपंचायतींना आधी मार्गदर्शक तत्त्वांतील चाळिसाव्या कलमापुरतीच जागा दिली.

१९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याने व १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ही उणीव अंशतः भरून काढली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन त्या दुरुस्तीतच आहे. असे असताना मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर सातारा आणि सांगलीच्या जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. ज्या मातीत गावाने स्वतःचे सरकार चालविले, तेथे शाळेची गळती दुरुस्त करायची की नाही, हे निवडून न आलेला अधिकारी ठरवू लागला. आणि त्याविरुद्ध एकही मोठा मोर्चा या दोन जिल्ह्यांना हादरवू शकला नाही, ही गोष्ट त्याहून गंभीर आहे.

केंद्र बळकट असावे, याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. जमीनसुधारणा आणि नियोजन दुबळ्या केंद्राच्या हातून होत नाही. पण ज्या केंद्राच्या पायाशी सत्ताधारी गाव नाही, ते संस्थानिकांच्या कराराइतकेच पोकळ असते. म्हणून ग्रामसभेची बैठक, पंचायतीचा जमाखर्च आणि वेळेवर होणारी निवडणूक यांसाठीचा झगडा किरकोळ समजून चालणार नाही. १९४८ मध्ये अर्धे राहिलेले उत्तर कार्यकर्त्यांनी तेथूनच पुरे करावयाचे आहे.