विश्लेषण : कॅन्सरनंतर चॅरिटी रन – धावावं का, कसं आणि पैसे नेमके जातात कुठे?

पावसाळा ओसरला की महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत जवळपास दर रविवारी कुठली ना कुठली दौड असते. त्यातल्या बऱ्याच कॅन्सरच्या नावाने भरतात. पहाटेचा झुंबा, एकाच रंगाचे टी-शर्ट, सेल्फी पॉइंट, पाहुण्यांच्या हस्ते झेंडा आणि मंचावर उभे केलेले तीन-चार ‘कॅन्सर विजेते’. त्यांचा सत्कार होतो, फोटो निघतात आणि दौड सुरू झाली की बहुतेक वेळा ते खुर्चीत बसून टाळ्या वाजवतात.

त्यांच्यापैकी एखाद्याला खुर्चीतून उठून खरंच पळायचं असेल तर? डॉक्टर काय म्हणतील, शरीर काय म्हणेल, आयोजकांची तयारी काय असेल, याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. भारतात २०२२ मध्ये कॅन्सरचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण आढळल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अंदाज आहे. उपचार सुधारताहेत, म्हणजे उपचार संपवून पुन्हा रोजच्या आयुष्यात आलेल्यांची संख्याही वाढणार. तेव्हा हा प्रश्न चार-दोन हौशी धावपटूंपुरता राहिलेला नाही.

माझं मत आधीच सांगतो. पळावं. न जमल्यास चालावं. पण मंचावरची ‘प्रेरणा’ म्हणून नको. शरीराची नीट तपासणी करून, स्वतःच्या गतीने आणि आपल्या नावावर गोळा होणारा पैसा कुठे जातो हे विचारून.

ही कल्पना आली कुठून?

कॅन्सरसाठी धावून पैसे उभे करण्याच्या कल्पनेला जगभर ओळख मिळाली ती एका कॅनेडियन मुलामुळे. टेरी फॉक्स १८ वर्षांचा होता, बास्केटबॉल खेळायचा. मार्च १९७७ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर निघाला आणि पाय मांडीतून कापावा लागला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एक लेख वाचायला दिला. कृत्रिम पायावर न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण केलेल्या डिक ट्रॉम यांच्याबद्दलचा.

डॉक्टरांनी टेरीला सांगितलं होतं की जगण्याची शक्यता ५० टक्के आहे आणि दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के असती. हा फरक संशोधनाने पाडला होता. संशोधनासाठी पैसा हवा, हे त्याच्या डोक्यात तेव्हाच बसलं. केमोथेरपीच्या वॉर्डात त्याने लहान मुलं पाहिली होती, तेही विसरला नाही. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कॅनडाच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्स इथे अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवला आणि पश्चिमेकडे निघाला. रोज जवळपास एक मॅरेथॉन. चांगल्या पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पाय पुढे, पुन्हा दोन उड्या. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ तो थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसांत पोहोचला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला. तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

देशातल्या माणशी एक डॉलर एवढंच त्याचं मागणं होतं. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा साधारण दोन कोटी चाळीस लाख होती आणि तो जिवंत असतानाच, फेब्रुवारी १९८१ पर्यंत, निधी तेवढ्या डॉलर्सवर पोहोचला.

या गोष्टीचा एक तुकडा भाषणांत सहसा येत नाही. टेरीने कॅनेडियन कॅन्सर सोसायटीकडे मदत मागितली तेव्हा त्यांनी अट घातली की हृदयरोगतज्ज्ञाचं प्रमाणपत्र आण. तपासणीत त्याच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याचं दिसलं. डॉक्टरांना काळजी वाटली, पण त्याला अडवण्याइतकं ते गंभीर वाटलं नाही. पुढे धावताना मात्र त्याने चक्कर, सुजलेला गुडघा, पायाच्या खुंटावरच्या जखमा हे सगळं रेटून नेलं, सुट्टी घ्यायला नकार दिला. आपण कौतुक या दुसऱ्या भागाचं करतो. अनुकरण करायचं ते पहिल्या भागाचं. १९८० साली एका संस्थेने धावपटूकडे हृदयाचा दाखला मागितला होता; आज आपल्या दौडींच्या ऑनलाइन फॉर्मवर ‘मी तंदुरुस्त आहे’ असा एक चौकोन असतो आणि त्यावर टिक केल्याशिवाय पैसे भरायचं पान उघडत नाही. एवढ्यावर आयोजकाची जबाबदारी संपते.

‘आराम करा’ हा सल्ला अजून बरोबर आहे का?

आपल्या घरांत आजारी माणसाला पलंगावरून उठू न देणं हेच प्रेम समजलं जातं. केमो चालू असलेल्या बाईने पाण्याचा तांब्या उचलला तरी चार जण धावतात. पण याबाबतीत वैद्यकशास्त्र गेल्या दीड-दोन दशकांत बरंच पुढे सरकलं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींचा गाभा असा: आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचे व्यायाम. थकवा, चिंता, नैराश्य कमी व्हायला आणि हालचाल सुधारायला त्याची मदत होते. कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही, हे ज्यांनी तो अनुभवला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

जून २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या ‘चॅलेंज’ या चाचणीने तर प्रश्नच बदलला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण. निम्म्यांना आरोग्यविषयक माहिती दिली. उरलेल्या निम्म्यांना माहितीसोबत तीन वर्षं एक मार्गदर्शक आणि आखून दिलेला व्यायाम. व्यायाम म्हणजे मॅरेथॉन नव्हे. बहुतेकांसाठी तो आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालण्याएवढा. पाच वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्या गटात ८०.३ टक्के लोकांना आजार उलटलेला नव्हता, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ९०.३ आणि ८३.२ टक्के. सात टक्क्यांचा हा फरक एखाद्या नव्या औषधाने दाखवला असता तर त्याची किंमत लाखांत लागली असती.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. ही चाचणी एकाच प्रकारच्या कॅन्सरवर झाली, तीही व्यायाम झेपेल अशा रुग्णांवर. तिचे आकडे उचलून रक्ताच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरला लावता येणार नाहीत. आणि व्यायाम करणाऱ्यांत स्नायू-सांध्यांच्या तक्रारी जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५. दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं की फायदा झालेल्या गटाला तीन वर्षं सोबतीला माणूस मिळाला होता. नुसतं ‘चालत जा हं’ असं ओपीडीच्या दारात सांगणं आणि हे, यांत मोठं अंतर आहे. आपल्याकडे किती कॅन्सर रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपिस्टची पुढची तारीख लिहिलेली असते?

मग बिब घेण्याआधी काय तपासायचं?

इथे एकच यादी सगळ्यांना चालत नाही, कारण उपचारानुसार धोका बदलतो. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते, आणि ट्रास्टुझुमॅब यांचा हृदयाच्या पंपिंगवर परिणाम होऊ शकतो. ही औषधं घेतली असतील तर टूडी इकोचा अलीकडचा अहवाल आपल्या ऑन्कोलॉजिस्टला दाखवूनच जोराच्या पळण्याचा विचार करावा. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन घेतलेल्यांचे तळपाय बधिर झालेले असू शकतात. खडा रुतलेला कळत नाही, फोड आलेला कळत नाही, अंधारात तोल जातो. पहाटे पाचच्या दौडीत आणि आपल्या रस्त्यांवर ही किरकोळ बाब नाही. आजार हाडांत पसरला असेल तर पळण्याच्या दणक्याने हाड मोडू शकतं. तिथे निर्णय डॉक्टरांचाच. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी असतील, केमो चालू असेल, छातीत पोर्ट किंवा हातात पीआयसीसी लाइन असेल, तर गर्दीची दौड थोडी पुढे ढकललेली बरी.

आणि स्वच्छतागृह. पोटावर रेडिएशन झालेल्या किंवा स्टोमा बॅग असलेल्या माणसासाठी मार्गावर किती किलोमीटरवर स्वच्छतागृह आहे हा प्रश्न पाण्याच्या टेबलाइतकाच महत्त्वाचा असतो. दौडीच्या माहितीपत्रकात मेडलचा फोटो मोठा छापतात, ही माहिती शोधून काढावी लागते.

माझ्या आत्याला स्तनांच्या कॅन्सरचे उपचार संपून चार वर्षं झाली. काखेतल्या गाठी काढल्यामुळे तिचा डावा हात सुजतो, त्यावर घट्ट बाही घालावी लागते. गेल्या हिवाळ्यात ती पाच किलोमीटरच्या एका दौडीत चालली. सुरुवातीला तिला पुढे बोलावून खांद्यावर ‘फायटर’ लिहिलेला पट्टा घातला. ती शेवटच्या रांगेत होती तेव्हा मात्र पाण्याची टेबलं आवरली होती आणि मागून येणाऱ्या गाडीतला मुलगा लाऊडस्पीकरवरून गाडीत बसायला सांगत होता. ती बसली नाही. पट्ट्याबद्दल नंतर म्हणाली, “अरे, मी काय लढले? सांगितलेल्या तारखेला जायचे, सुई टोचून घ्यायचे, घरी यायचे. लढले असते तर कमरेएवढे केस नसते जाऊ दिले.”

‘योद्धा’ म्हटलं तर बिघडलं काय?

कौतुकाने म्हटलेला शब्द आहे, मान्य. काही रुग्णांना त्यातून बळही मिळतं, त्यांनी तो जरूर वापरावा. पण कॅन्सरवर ‘मात’ करणारा योद्धा असेल तर ज्याचा आजार उलटला तो कोण? ‘झुंज अपयशी ठरली’ ही मराठी बातमीतली ठरलेली ओळ आहे. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींची जबाबदारी आपण अशी मेलेल्या माणसावर टाकतो. त्या न्यायाने टेरी फॉक्सही हरलाच की. न्यूयॉर्क मॅरेथॉन उभी करणारे फ्रेड लेबो यांना १९९० मध्ये मेंदूचा कॅन्सर झाला. १९९२ मध्ये, साठाव्या वर्षी, त्यांनी आपलीच मॅरेथॉन साडेपाच तासांहून थोड्या जास्त वेळात पूर्ण केली. सोबत होती ही शर्यत नऊ वेळा जिंकलेली ग्रेटा वाइट्झ, त्यांच्या गतीने धावत. १९९४ मध्ये लेबो गेले. २०११ मध्ये वाइट्झही कॅन्सरनेच गेली. दोघांपैकी कुणी कमी लढलं होतं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

उलट टोकाचं उदाहरण लान्स आर्मस्ट्राँगचं. वृषणाचा कॅन्सर, मग सायकलिंगमधली सलग विजेतेपदं, जगभर मनगटांवर पिवळे पट्टे. २०१२ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात सगळी विजेतेपदं गेली आणि त्याच्या नावावर उभ्या राहिलेल्या संस्थेला त्याच्यापासून वेगळं व्हावं लागलं. नायकावर उभा केलेला निधी नायकासोबत डगमगतो. टेरी फॉक्सच्या नावाने होणाऱ्या दौडींत विजेता नसतो, वेळ मोजली जात नाही, प्रवेशासाठी ठरावीक फी नसते आणि कंपन्यांची जाहिरातबाजीही चालत नाही. त्याचीच तशी इच्छा होती. १९८१ च्या पहिल्याच दौडीला तीन लाख लोक आले होते, तेही या अटींवर.

पैसे जातात कुठे?

आपण नोंदणीसाठी भरतो ती फी आणि देणगी या वेगळ्या गोष्टी आहेत. टी-शर्ट, मेडल, नाश्ता, टायमिंग चिप, मांडव, ध्वनिक्षेपक यांचा खर्च फीमधून जातो. उरलं तर देणगी. काही आयोजक ‘उत्पन्नाचा काही भाग’ असं लिहितात. हा ‘काही भाग’ एक टक्काही असू शकतो. चॅरिटी बिबची पद्धत यापेक्षा सरळ आहे. तिथे धावणारा ठरावीक रक्कम संस्थेला देतो किंवा ओळखीच्यांकडून गोळा करतो आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये गेली काही वर्षं हे काम युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं आणि धावपटू संस्था स्वतः निवडू शकतो.

करसवलतीचंही तसंच. ८०-जी म्हणून ओळखली जाणारी सवलत देणगीवर मिळते, मोबदल्यात टी-शर्ट आणि नाश्ता मिळालेल्या फीवर नाही. ती जुन्या करप्रणालीतच लागू आहे आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर मिळत नाही. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. संस्थेचा नोंदणी क्रमांक मागणं हा उद्धटपणा नव्हे.

मला विचाराल तर दौडीचा पैसा मशीनपेक्षा आधी राहण्या-खाण्यावर जावा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये देशभरातून रुग्ण येतात. उपचार आठवडेच्या आठवडे चालतात आणि मुंबईत खोलीचं भाडं परवडत नाही. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. ज्यांना मिळत नाही, त्यांचं अंथरूण रुग्णालयाजवळच्या फुटपाथवर पडतं. एका कुटुंबाच्या महिनाभराच्या निवाऱ्याचा खर्च हा अगदी मोजता येणारा आकडा आहे. तो आयोजकांनी बॅनरवर छापावा: या दौडीतून इतकी कुटुंबं, इतके दिवस.

यंदा नोंदणी करणार असाल तर ‘पे नाऊ’ दाबण्याआधी आयोजकांना तीन ओळींचा मेल टाका. माझ्या फीमधले किती रुपये कोणत्या संस्थेला जाणार? गेल्या वर्षी किती गेले? आणि शेवटचा चालणारा पोहोचेपर्यंत पाण्याचं टेबल उभं राहणार का?