खोल्यांचा ताळेबंद

दीर्घकाळ परगावी राहून मूळ घरी परतलेल्या कुटुंबात पहिली चर्चा बहुधा भिंतींच्या रंगाची होते. छटांची पुस्तके आणली जातात, रंगाऱ्याला बोलावणे जाते. कोणती खोली कोणाची, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो पूर्वीच सुटला आहे असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. पुढची खोली पाहुण्यांची, माजघर वडीलधाऱ्यांचे, मागची खोली स्वयंपाकाची. वस्तुतः ज्या कुटुंबासाठी ही वाटणी झाली, ते कुटुंब आज त्या घरात नसते. आजोबांकडे दिवसभर माणसांचा राबता असे, म्हणून पुढची खोली मोठी व उजेडाची. आजचा पाहुणा आधी दूरध्वनी करून येतो आणि अर्ध्या तासात निघतो.

बदल्यांच्या नोकरीत २९ वर्षे काढून आम्ही सांगलीच्या वडिलोपार्जित घरी परतलो, तेव्हा रंगाऱ्याला बोलावण्याआधी मी एक कागद घेतला. आयुष्यभर ताळेबंद मांडल्यामुळे हात आपोआप रकाने आखू लागला. डाव्या बाजूस खोल्या, उजवीकडे त्यांत कोण किती तास असते याची नोंद. बेरीज बोलकी निघाली. घरातील सर्वांत उजेडाच्या खोलीत आठवड्याचे जेमतेम तीन तास माणसांचा वावर होता. सर्वांत अंधाऱ्या माजघरात, एकाच झरोक्याखाली, माझ्या ८६ वर्षांच्या मातोश्री दिवसाचे वीस तास घालवीत होत्या. वाचन बंद झाले, ते डोळ्यांमुळे असे आम्ही समजत होतो. परंतु उतारवयात डोळ्याला तरुणपणापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश लागतो, आणि तोच आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता.

पुढच्या खोलीचा प्रस्ताव मातोश्रींना रुचला नाही. "बाहेरच्या खोलीत म्हाताऱ्या माणसाला कोणी ठेवतं का रे? लोक काय म्हणतील?" पत्नी म्हणाली, "आई, लोक घटकाभर येतात. तुम्ही इथं दिवसभर असता." मग त्यांनी मनातले सांगितले. "माजघरातून घर दिसतं. कोण आलं, कोण जेवलं, सगळं कळतं. तिकडं मला काय कळणार?"

हा आक्षेप रास्त होता. वृद्ध माणसाला केवळ उजेड पुरत नाही. त्याला घराच्या मध्यभागी असावे लागते. तेव्हा आम्ही त्यांच्याबरोबर घराचा मध्यच हलविला. जेवणाचे मेज पुढच्या खोलीत आणले. ती खोली पश्चिमाभिमुख. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण होते, त्यामुळे संध्याकाळचा प्रकाश थेट पानावर येतो. पाहुणेही तेथेच बसतात आणि प्रथम मातोश्रींशी बोलतात. माजघरात आता कपाटे व अंथरुणे आहेत.

वाटणी ठरल्यावर रंगाचे प्रश्न सोपे झाले. तरी काही गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडाव्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी आमच्या जोत्यावर चढले होते. पाणी ओसरते, पण भिंतीत मुरलेले क्षार राहतात आणि ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येऊन पांढरा लोणा धरतो. अशा भिंतीवर प्लास्टिक रंग चढविला तर ओल आत कोंडते व थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात. जुन्या दगडी, चुन्यात बांधलेल्या भिंतीला चुन्याचा हातच मानवतो, कारण त्यातून ओलावा बाहेर पडू शकतो. भिंत सुकली की नाही हे पाहण्याची साधी युक्ती अशी : हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी भिंतीला घट्ट चिकटवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर थांबावे. दिवाळीपूर्वी रंग देण्याची आपली रीत हौसेची खरी. पण पावसाळा नुकताच सरलेला असल्याने तेव्हा भिंती ओल्याच असतात. होळीनंतरचे दिवस या कामास अधिक योग्य.

जुन्या दारे-खिडक्यांचा तेलरंग कोरडा खरवडू नये. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांना विशेष अपायकारक. म्हणून पाणी लावूनच घासावे, मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला कचरा ओला असतानाच गोळा करावा.

वृद्धांच्या खोलीत चकाकणारा रंग टाळावा. त्यावरील प्रकाश डोळ्यांवर येतो. भिंत फिकट असावी, परंतु चौकट आणि उंबरठा गडद रंगवावा, म्हणजे दार कोठे आहे आणि पाऊल कोठे उचलायचे ते अंधुक दृष्टीलाही कळते. पलंगावर बसता पावले जमिनीला पूर्ण टेकावीत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत रात्री काहीही नसावे. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत, म्हणजे मागे हवा खेळते आणि बुरशी धरत नाही.

यातील बहुतेक गोष्टींना फारसा खर्च नाही. खर्च होतो तो जुनी सवय मोडण्याचा, आणि घरातील सर्वांत मोठ्या माणसाशी बसून बोलण्याच्या वेळेचा. वाचकांनी रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी एक दिवस आपल्या घराचे तास मोजून पाहावेत. उजेडाची खोली कोणाच्या नावावर जमा आहे आणि ती प्रत्यक्ष वापरतो कोण, एवढे दोनच रकाने पुरेसे आहेत.